घरांतला धडा

मननासाठीं वचनें : अनुवाद ६:६-७, २ तीमथ्य १:५



देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर ठसाव्या म्हणून मोशेनें इस्राएल लोकांस शाळा बांधावयास सांगितलें नाहीं. घरीं बसले असतां, वाटेनें चालतांना, निजण्याच्या व उठण्याच्या वेळीं त्यांनीं आपल्या लेंकरांशीं त्या आज्ञांविषयीं बोलत असावें, एवढेंच त्याचें मागणें होतें. ह्या वचनावर मीं कितीएक वेळां उपदेश केला आहे, आणि दर वेळीं आईबापांच्या डोक्यावर एक नवें ओझें ठेवावें तसा केला आहे. हें तुमचें कर्तव्य, तें तुम्ही करीत नाहीं, तरी करा; इतकें सांगून मी खालीं बसत असें. त्यांत आनंद आहे, आणि तो रोज मिळण्याजोगा आहे, हें माझ्या ध्यानांत फार उशिरां आलें.

तीमथ्याची गोष्ट पाहा. त्याचा बाप ग्रीक होता. लुस्त्र नगरांत यहूद्यांचें सभास्थान असल्याचा उल्लेख प्रेषितांच्या कृत्यांत नाहीं. तेथले लोक तर पौल व बर्णबा ह्यांनाच देव समजून त्यांपुढें बैल कापावयास निघाले होते. अशा गांवांत त्या मुलास बाळपणापासून पवित्र शास्त्राची ओळख झाली. कोठें झाली? पौल त्याची आजी लोईस व आई युनीके ह्या दोघींचीं नांवें घेतो. सर्व गांव मूर्तिपूजक, घरधनी परधर्मी, आणि चुलीजवळ दोन बायका व एक मूल. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरांची स्थिति ह्याहून फार निराळी नाहीं.

आमच्या पुणें शहराशीं जडलेली अशीच एक हकीकत आहे. शेवटचे पेशवे दुसरे बाजीराव ह्यांच्या काळीं अनंतशास्त्री डोंगरे नांवाचे एक तरुण विद्यार्थी येथें आपले गुरु रामचंद्रशास्त्री ह्यांजजवळ शिकत होते. गुरु पेशव्यांच्या वाड्यांत राणीसाहेबांस संस्कृत शिकवीत, व शिष्यही त्यांजबरोबर जाई. एका स्त्रीच्या मुखांतून संस्कृत श्लोक ऐकून त्या तरुणाच्या मनानें घेतलें कीं, आपणही आपल्या पत्नीस शिकवावें. घरच्या वडील माणसांनीं तें चालूं दिलें नाहीं. पुढें त्यांचें दुसरें लग्न लक्ष्मीबाई नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलीशीं झालें, तेव्हां त्यांनीं तिला शिकविलेंच. त्याबद्दल त्यांस उडुपी येथें शास्त्रीपंडितांच्या सभेपुढें जाब द्यावा लागला. अखेर सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ येथें त्यांनीं बिऱ्हाड केलें, आणि तेथें १८५८ सालच्या एप्रिल महिन्यांत त्यांच्या घरीं एक मुलगी जन्मली. तीच पंडिता रमाबाई.

रमाबाई शिकण्याच्या वयाची झाली तेव्हां बाप म्हातारे झाले होते, म्हणून तिला शिकविण्याचें काम आईवर आलें. हें कुटुंब तोंपर्यंत घरदार सोडून तीर्थोतीर्थीं पायीं हिंडूं लागलें होतें. शाळा नाहीं, फळा नाहीं, बसावयास एक ठिकाण नाहीं. दिवसभर लक्ष्मीबाईंस स्वयंपाकपाणी, मुलें, आलेगेले हें सर्व पाहावयाचें असे. म्हणून त्या पहाटे उठत. जमिनीवर निजलेल्या मुलीस उचलून घेत, गोंजारून जागें करीत. आणि झाडांवर पांखरें बोलूं लागलीं कीं धडा सुरू होई. पुस्तक हातीं नसे. आईनें म्हणावें, मुलीनें मागून म्हणावें. वयाच्या आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत हें असें चाललें.

पुढें १८७४ सालीं दुष्काळांत उपासमारीनें अनंतशास्त्री, लक्ष्मीबाई व रमाबाईंची थोरली बहीण हीं तिघेंही कांहीं महिन्यांच्या अंतरानें गेलीं. मुलीजवळ दागिना राहिला नाहीं, जमीन राहिली नाहीं. आईच्या तोंडून घेतलेलें तेवढें राहिलें. त्याच विद्येच्या बळावर १८७८ सालीं कलकत्त्यास तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या मिळाल्या. १८८२ सालीं ती पुण्यास आली, १८८३ सालीं इंग्लंडांत तिचा बाप्तिस्मा झाला. १८८९ सालीं मुंबईंत उघडलेलें शारदा सदन पुढल्याच वर्षीं पुण्यांत आलें, आणि केडगांवचें मुक्ति सदन तर तुम्हांपैकीं कित्येकांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. उतारवयांत हिब्रू व ग्रीक भाषा शिकून, खेड्यांतल्या बायांस समजेल अशा मराठींत तिनें सगळ्या पवित्र शास्त्राचें भाषांतर केलें.

कोणी म्हणेल, आईनें शिकविलें तीं पुराणें होतीं, शुभवर्तमान नव्हे. खरें आहे. तथापि १८८७ सालीं रमाबाईंनीं अमेरिकेंत आपलें इंग्रजी पुस्तक छापिलें, तेव्हां त्यांचा बाप्तिस्मा होऊन चार वर्षें झालीं होतीं, आणि तें पुस्तक त्यांनीं अर्पण केलें आपल्या आईच्या स्मृतीस. देवानें त्या पहाटेच्या धड्यांतलें कांहीं वायां जाऊं दिलें नाहीं, असें मला वाटतें.

आतां माझी गोष्ट सांगतों. ती अशी मोठी नाहीं. २०२० सालच्या मार्च महिन्यांत सांथीमुळें शाळा बंद झाल्या, मंदिरेंही बंद झालीं, आणि कधीं नव्हे तो मी दिवसभर घरीं राहिलों. माझी धाकटी मुलगी तेव्हां नऊ वर्षांची होती. मोबाईलवरील तास संपले कीं ती कंटाळे, म्हणून सकाळीं मागल्या दाराच्या पायरीवर बसून आम्ही मार्ककृत शुभवर्तमान वाचूं लागलों. प्रथम मी घड्याळाकडे पाहत असें, हें लपवीत नाहीं. चौथ्या अध्यायांत पेरणाऱ्याचा दाखला आला, तेव्हां ती थांबली व म्हणाली, “बाबा, हा माणूस वाटेवर बीं कशाला टाकतो? त्याला दिसत नाहीं का?”

मी खेड्यांत वाढलेला. आमच्याकडे पाभरीच्या चाड्यांतून मुठीनें बीं सोडितात. तें तासांतच पडतें, वाटेवर कसें जाईल? ह्या दाखल्यावर मीं निदान दहा उपदेश केले असतील, पण हा प्रश्न मला कधीं पडला नव्हता. मग आम्हीं तांदळाची मूठ भरून घेतली, आणि त्या देशांत बीं हातानें फोकून पेरीत, तें कसें, हें अंगणांत फेंकून पाहिलें. कांहीं दाणे फरशीवर गेले, कांहीं तुळशीएवढ्या एका कुंडींत पडले, आणि चिमण्यांनीं उरलेला दाखला आमच्यादेखत पुरा केला. मुलगी हंसत सुटली. आंतून मुलीची आई ओरडली कीं, तांदूळ काय भावानें मिळतो ठाऊक आहे का! त्या सकाळीं मला जें सुख झालें तें भरलेल्या मंदिरांत उपदेश करून फार थोड्या वेळां झालें आहे.

ह्यावरून कोणीं मुलांस शाळेंतून काढूं नये. शहरांत कांहीं सुशिक्षित कुटुंबें मुलांस सर्वस्वीं घरींच शिकवितात व मुक्त विद्यालयाच्या परीक्षेस बसवितात; त्यांस तशी सवड व साधनें आहेत. आपल्या मुलांस शाळा मिळावी म्हणून वडिलांनीं फार सोसलें आहे. १८४८ सालीं ह्याच पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई ह्यांनीं भिडे वाड्यांत मुलींची शाळा काढिली, तेव्हां लोकांनीं काय छळ केला तो विसरूं नका. सावित्रीबाईंचा स्वतःचा पहिला धडा मात्र घरींच, नवऱ्याजवळ झाला होता. २००९ सालच्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शाळेचा हक्क दिला आहे. तो सोडूं नका. मी बोलतों तें शाळेच्या आधींच्या व नंतरच्या घटकेविषयीं.

“आम्हांस वाचतां येत नाहीं,” असें कित्येक माता म्हणतील. तर मुलास वाचावयास सांगा आणि तुम्ही ऐका; न समजेल तेथें विचारा. आईला आपण कांहीं शिकविलें ह्याचा मुलास केवढा हर्ष होतो! ऊसतोडीस जाणाऱ्या भावांनीं तळावर भाकऱ्या होईपर्यंत मुलाकडून एक गोष्ट सांगवून घ्यावी. भाकऱ्या मोजवा, मोळ्या मोजवा. तेंही शिकणेंच आहे.

उपदेशक बंधूंनो, तुमच्याशीं दोन शब्द निराळे बोलतों. आपण संध्याकाळीं साऱ्या वस्तीचीं मुलें जमवितों, त्यांकडून वचनें पाठ करून घेतों, आणि घरीं येतों तों आपलें मूल निजलेलें असतें. मीं वीस वर्षें तसेंच केलें. माझा थोरला मुलगा बोर्डिंगांत वाढला. तेथल्या गुरुजनांनीं त्यास प्रेमानें वागविलें, त्यांजविषयीं माझी तक्रार नाहीं. त्या २०२० सालीं बोर्डिंग बंद झालें म्हणून तोही घरीं आला होता. सोळा वर्षांचा होता. पहिले कांहीं दिवस तो आंतल्या खोलींतून आमचें वाचन ऐकत असे. एके सकाळीं दारांत येऊन उभा राहिला व म्हणाला, “मला तुम्ही कधीं असें शिकविलें नाहीं.” रागानें म्हणाला नाहीं. मला उत्तर सुचलें नाहीं. मुलगी म्हणाली, “दादा, आज सहावा अध्याय आहे, भाकरी आणि मासळ्यांचा,” आणि मीं सरकून त्यास पायरीवर जागा करून दिली.