मूठ

घरातली रोजची सुरी घ्या. पातं जाड फडक्यात नीट गुंडाळा, म्हणजे धारेची धास्ती राहणार नाही. आता बसा आणि मूठ नुसती धरून ठेवा. आज काही चिरायचं नाही.

आधी ऊब बघा. मूठ पोलादी असेल तर गार लागेल. खरं तर ती आणि शेजारचं लाकडी पोळपाट एकाच खोलीत, एकाच तापमानात पडून आहेत. पण पोलाद हाताची ऊब भराभर ओढून घेतं. लाकूड घेत नाही, प्लास्टिकही फारसं घेत नाही. तुम्हाला जाणवतो तो गारवा म्हणजे तुमच्याच हातातून निघून चाललेली ऊब. थोडा वेळ तिथेच थांबा.

आता अंगठा मुठीवरून लांबीच्या दिशेने फिरवा, मग आडवा. लाकडाची मूठ असेल तर रेषा लागतील. झाड उभं असताना त्या वाटेनं पाणी वर चढत होतं. झाड तोडलं तरी लाकडाची पाण्याची ओढ संपत नाही. पावसाळ्यात ते आडवं फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं. लांबीत मात्र जवळजवळ बदलत नाही. आतलं पोलाद यातलं काहीच करत नाही. दोघांना रिवेटनं एकत्र बांधलेलं असतं, आणि ओढाताण तिथेच होते.

माझ्या आजीच्या सुरीला शिसवीची मूठ होती. एका लग्नघरी ती खरकट्या भांड्यांबरोबर रात्रभर पाण्यात राहिली. ठेवली होती मीच. वाळल्यावर मधल्या रिवेटपासून टोकापर्यंत केसाएवढी चीर पडली. आजी काही बोलली नाही, फक्त त्या चिरेवरून नख फिरवत राहिली. ते नख मला अजून दिसतं.

तुमची मूठ प्लास्टिकची असेल तर तिला कमी लेखू नका. मासळी कापणारीचा हात दिवसभर ओला असतो, खवले आणि चरबीनं माखलेला. तिच्यासाठी मूठ निवडायची झाली तर मी क्षणभरही घुटमळणार नाही: पाणी न पिणारी, खरबरीत, गरम पाण्यानं खसखसून धुता येईल अशी कृत्रिम मूठच. तिथे लाकडाचा हट्ट धरणं म्हणजे दुसऱ्याच्या बोटांशी खेळणं.

आणि हस्तिदंत आठवा. एके काळी श्रीमंतांच्या जेवणाच्या सुऱ्यांना त्याच्या मुठी असत. १८७० च्या सुमारास अमेरिकेत जॉन वेस्ली हायट यांनी बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय शोधताना सेल्युलॉइड घडवलं. पुढे त्याच्या मुठीही निघाल्या, हस्तिदंतासारख्या रेघा काढलेल्या. हे सेल्युलॉइड कशाचं होतं? कापसातलं सेल्युलोज, आम्लाची प्रक्रिया केलेलं, आणि कापूर. आजची मायकार्टाची मूठही अशीच. बहुधा सुती कापडाचे किंवा कागदाचे थर राळेत भिजवून, उष्णता देऊन दाबलेले. घासून पॉलिश केली की कापडाची वीण नकाशातल्या डोंगररेषांसारखी वर येते. तिला कृत्रिम म्हणताना माझी जीभ अडखळते. उलट काही लाकडी मुठींत निर्वात करून आतपर्यंत राळ भरलेली असते. त्या पाण्याला दाद देत नाहीत, पण जुन्या लाकडासारख्या तेल पिऊन गडदही होत नाहीत.

म्हणून मूठ निवडताना मी स्वतःला एवढंच विचारतो: हिच्याकडे कोण बघणार आहे? घरात धुऊन लगेच पुसणारं माणूस असेल तर लाकूड. नसेल तर लाकडावर अन्याय नको.

तुमची मूठ साध्या लाकडाची, वॉर्निश नसलेली असेल तर हे बसणं संपल्यावर आज तिला जवसाच्या तेलाचे चार थेंब द्या. खोबरेल नको, ते लाकडात ओलंच राहतं. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. बोटानं रेषांच्या दिशेनं चोळा. पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसा. ते फडकं चुरगाळून टाकू नका, आपोआप पेट घेऊ शकतं. पाण्यात भिजवून बाहेर पसरून वाळवा. सुरी मुलांच्या हाताबाहेर, वाऱ्याला ठेवा. सुकायला काही दिवस लागतील.

आता हात उघडा. तळव्यावर मुठीची कड थोडी उमटली असेल. ती मिटेपर्यंत बसून राहा.