सूर्य मावळण्यापूर्वी

(वाचनासाठी शास्त्रभाग : इफिस. ४:२५-३२)



जबलपूर येथील मदन महल टेकडीवर, गोंड राजांच्या किल्ल्याच्या वाटेवर, एक प्रचंड शिळा दुसऱ्या शिळेवर तोल सावरून उभी आहे. दोहोंचा स्पर्श अगदी थोड्या जागी होतो. २२ मे १९९७ च्या भूकंपाने शहरातील अनेक घरे पडली. ही शिळा मात्र ढळली नाही.

भाषांतराच्या बैठकीसाठी मी मदन महल भागात उतरलो असता ती शिळा पाहिली आणि माझे मन मला खाऊ लागले. एका तरुण सहकाऱ्याने श्रमाने तयार केलेला मसुदा मी लाल शाईने भरून, एक शब्दही न बोलता, त्याच्या मेजावर ठेवला होता. त्यानंतर तो विचारल्याचे तेवढे उत्तर देई. त्याला मी शिस्त समजत होतो. तो काम सोडण्याच्या विचारात आहे, हे मला तिसऱ्याकडून कळले.

त्याच संध्याकाळी मी त्याच्या खोलीवर जाऊन क्षमा मागितली. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "सर, एकोणतिसाव्या वचनात मी 'नासके' भाषण असे लिहिले होते. आपण ते खोडून 'अयोग्य' केलेत. मत्तय १३:४८ मध्ये टाकाऊ माशांसाठी मूळ ग्रीकमध्ये हाच शब्द आहे." त्याचे म्हणणे बरोबर होते! माझ्या अबोल्यामुळे सहकारी दुखावला होताच, शिवाय देवाच्या वचनातील एक जिवंत शब्द वाचकांपर्यंत पोहोचण्याआधीच मरणार होता.

आपले मराठी शास्त्र प्रथम जेथे छापले गेले, त्या बंगालमधील सेरामपूर येथे कॅरी, मार्शमन व वॉर्ड यांनी १८०० साली एक नियम केला होता. दर शनिवारी संध्याकाळी एकत्र बसायचे, आपसांतील मतभेद मिटवायचे आणि परस्परांवर प्रीती करण्याचे वचन पुन्हा द्यायचे. घराचा कारभारही प्रत्येकाने महिनाभर पाळीपाळीने पाहावयाचा होता. याच ठिकाणी १८११ मध्ये मराठी नवा करार छापला गेला. ११ मार्च १८१२ रोजी छापखान्याला आग लागली. कागद, खिळे, हस्तलिखिते भस्म झाली. तरी काही महिन्यांतच छपाई पुन्हा सुरू झाली. ज्यांनी मनातील राग साठू दिला नव्हता, त्यांना राखेतून एकत्र उठता आले.

प्रिय वाचकहो, आपण कचेरीत असा, शाळेत असा वा रुग्णालयात. आपल्या हाताखालील कोणी अलीकडे गप्प झाला आहे काय? त्याच्या मौनाला संमती समजू नका. चूक दाखवायची असेल तर ती त्यालाच, एकांतात, चांगल्या कामाचा उल्लेख करून दाखवा. आणि त्याचे ऐकून घ्या, कारण चूक आपलीही असू शकेल. शिळा न बोलता शतकानुशतके एकमेकींवर टेकून राहतात. माणसांना ते साधत नाही. प्रेषिताने आपल्याला सूर्यास्तापर्यंतचीच मुदत दिली आहे.

ती मुदत पाळण्याची नम्रता प्रभू आपणां सर्वांस देवो. आमेन.