मेणातली केंद्रकं

नागभीडच्या पानटपरीवर खर्रा घोटणं सकाळपासूनच सुरू असतं. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून घासायचं, झालं. त्याची किंमत पुढे काहींच्या गालाला मोजावी लागते. गालाच्या आतून काढलेला इवलासा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये पडतो, मग मेणाच्या ठोकळ्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये. नागपूर-मुंबईला जायची वेळ आली की डॉक्टर सांगतात, "ब्लॉक सोबत न्या."

तो ब्लॉक एकाच प्रश्नासाठी केलेला: कॅन्सर आहे की नाही? त्याला चार-पाच मायक्रॉनचा काप पुरतो. पण एवढ्या पातळ कापात पेशीचं केंद्रकही चिरलं जातं. एकेका पेशीतला डीएनए मोजायचा तर केंद्रकं अखंड हवीत. १९८३ साली डेव्हिड हेडली आणि सहकाऱ्यांनी वाट काढली: काप जाड घ्यायचा, झायलीननं मेण उतरवायचं, अल्कोहोलमधून नेत नेत पाण्यात आणायचं, मग पेप्सिन घालायचं. पोटात अन्न पचवणारं तेच पेप्सिन. भोवतालची प्रथिनं विरघळतात, केंद्रकं सुटी होतात, ती गाळून घ्यायची. फॉर्मॅलिननं डीएनए तुटलेला असतो. तरीही जुन्या ब्लॉकचं मोल मोठं, कारण त्या रुग्णाचं पुढे काय झालं हे नोंदलेलं असतं.

पण नुसती गाठ तपासून भागत नाही. गाल-हिरडीच्या कॅन्सरवर खारघरचं ॲक्ट्रेक आणि कल्याणीची एनआयबीएमजी या संशोधन संस्थांनी केलेलं काम २०१३ साली प्रसिद्ध झालं. तिथे गाठीसोबत त्याच रुग्णाचं रक्तही तपासलं. डीएनएत नव्यानं झालेला बदल कोणता आणि जन्मतःचा कोणता, हे त्याशिवाय उमगत नाही. आणि जन्मतःचं जे असतं, ते लेकीबाळींतही असू शकतं.

इथे माझं घोडं अडतं. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निनावी केलेले उरलेले नमुने नैतिकता समितीच्या परवानगीनं, नव्या संमतीशिवाय वापरता येतात. गेलेल्या माणसाच्या ब्लॉकबाबत ते पटतं; दुसरा मार्गच नाही. पण नाव पुसणं म्हणजे संरक्षण, एवढंच आपण धरून चालतो. नाव पुसलं की परतीचा रस्ताही पुसला जातो. त्या रुग्णाच्या मुलीच्या कामाचं काही सापडलं तरी निरोप धाडायचा कुणाकडे?

आज होणाऱ्या बायोप्सीच्या संमतीपत्रात दोन प्रश्न वाढवता येतील: पुढे संशोधनाला वापरू का, आणि घरच्यांच्या उपयोगाचं निघालं तर कळवू का? इथल्या झाडीबोलीत समजावून. ओपीडीच्या रांगेत डॉक्टरला तेवढी उसंत नसते, मान्य. रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकाला मात्र हे जमेल.