भेगेचे गणित

भेग म्हणजे धातूतली अशी जागा, जिथे धातूच नाही. विमानाच्या पत्र्यावर रिव्हेटच्या कडेला ती सुरू होते, तेव्हा डोळ्याला दिसावी इतकी रुंदीही तिला नसते. तिचा माग काढायचा तर तिच्यामुळे काय बिघडले तेच पाहावे लागते. एडी करंट चाचणीत प्रोबच्या कॉइलमधून प्रत्यावर्ती प्रवाह सोडतात. त्यामुळे खालच्या धातूत गोलाकार फिरणारे प्रवाह उठतात. वाटेत भेग आली की पाटातले पाणी धोंड्याला वळसा घालते तसे ते वळतात आणि कॉइलचा इम्पीडन्स, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण विरोध, किंचित बदलतो. या किंचित बदलावरून भेगेची लांबी-खोली कशी सांगायची? या प्रश्नामागच्या विचाराचा प्रवास पाहिला तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते: प्रत्येक मोठे पाऊल पडले, ते काय वगळायचे हे कुणीतरी नेमके ठरवल्यामुळे.

सुरुवात सिद्धान्ताच्याही आधीची आहे. फिरत्या तांब्याच्या चकतीमागे चुंबकसुई ओढली जाते हे आरागोने १८२४ च्या सुमारास दाखवले. पुढच्याच वर्षी बॅबेज आणि हर्शेल यांनी प्रयोग उलटा केला. फिरत्या चुंबकावर चकती टांगली आणि तिला केंद्राकडे जाणारे काप दिले. चकतीवरची ओढ कमी झाली. काप डाख देऊन भरले तेव्हा ती बरीचशी परत आली. फॅरेडेचा विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा १८३१ चा शोध अजून व्हायचा होता, तरी धातूतला खंड चुंबकाला जाणवतो हे तेव्हाच हाती लागले होते. १८७९ मध्ये ह्यूजने आपल्या इंडक्शन बॅलन्सने धातूंतला फरक टेलिफोनमध्ये ऐकून ओळखला. मात्र हे सगळे ‘फरक आहे’ इथपर्यंतच होते. तो किती आणि कशामुळे, हे सांगता येत नव्हते.

ते सांगण्याची शिस्त जर्मनीत फ्रीडरिश फॉर्स्टर यांनी आणली. कॉइलमधून जाणाऱ्या दांड्याच्या आत चुंबकीय क्षेत्र जागोजागी वेगळे असते. फॉर्स्टर यांनी ती गुंतागुंत बाजूला ठेवली आणि तिच्या जागी एकच परिणामी राशी घेतली. वारंवारता, वाहकता आणि व्यास यांतून एक गुणोत्तर तयार केले. ते गुणोत्तर सारखे असेल तर बारीक तार आणि जाड दांडा इम्पीडन्सच्या आलेखावर एकाच ठिकाणी येतात. म्हणूनच भेगेचा अभ्यास पाऱ्यात करता आला. पाऱ्याच्या स्तंभात विद्युतरोधक तुकडे हव्या त्या खोलीवर बसवायचे, कॉइलचे वाचन घ्यायचे आणि तेच निष्कर्ष धातूच्या दांड्याला लावायचे. गणित जिथे पोहोचत नव्हते, तिथे पाऱ्याने मॉडेलचे काम केले.

१९६८ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेशी संबंधित डॉड आणि डीड्स यांनी धातूच्या सपाट पृष्ठभागावरच्या कॉइलचा इम्पीडन्स थेट सूत्रात मांडला. त्यांनी वगळले ते भेगेलाच! निर्दोष धातू प्रोबला कसा दिसतो, एवढाच त्यांचा प्रश्न होता. हे वगळणे मोलाचे ठरले, कारण प्रोब पृष्ठभागापासून केसभर उचलला गेला तरी वाचन हलते आणि तो बदल भेगेच्या बदलाला सहज झाकून टाकतो. निर्दोष धातूचे वाचन अचूक माहीत असल्याखेरीज दोषाचे वाचन वेगळे काढता येत नाही.

भेग गणितात आली तीही रूप पालटून. १९६४ मध्ये बरोज यांनी छोट्या दोषाच्या जागी एक बिंदुवत द्विध्रुव कल्पिला. १९९४ मध्ये जॉन बाऊलर यांनी ‘आदर्श भेग’ मांडली: रुंदी शून्य, पण विद्युतप्रवाहाला पूर्ण अडवणारी. तिचा परिणाम द्विध्रुवांच्या एका पातळ थरातून मोजता येतो. कॉम्प्युटरवरच्या फायनाइट एलिमेंट पद्धतीने हवा तो आकार हाताळता येऊ लागला, पण त्या उत्तरांना कसोटी हवी होती. ती ऑस्ट्रेलियातल्या बर्क यांच्या मोजमापांनी दिली. त्यांच्या ॲल्युमिनिअमच्या पट्टीत १२.६ मिमी लांब, ५ मिमी खोल आणि अवघी ०.२८ मिमी रुंद खाच होती. ९०० हर्ट्झला प्रवाह साधारण ३ मिमी खोलीपर्यंतच जोर धरतो, म्हणजे खाचेचा तळ त्याच्याही खाली राहतो. कोणत्याही नव्या पद्धतीने आपले उत्तर या वाचनाशी ताडून दाखवावे, अशी ती उघड परीक्षा झाली.

तरीही खाच म्हणजे भेग नव्हे. धातू थकून पडलेल्या खऱ्या भेगेच्या भिंती दाबाखाली एकमेकींना टेकतात, त्या टेकलेल्या ठिकाणांतून प्रवाह निसटतो आणि भेग आहे त्याहून लहान भासते. बॅबेज-हर्शेल यांच्या डाखाने नेमके हेच केले होते. आदर्श भेगेने वगळलेली ही गोष्ट तपासनिसाच्या हाताखाली परत येते.

म्हणून मॉडेलला विचारायचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मला ‘काय सापडेल’ हा वाटत नाही. ‘काय निसटेल’ हा वाटतो. विमानउद्योगात शंभरातल्या नव्वद वेळा सापडेल अशा भेगेचा आकार ९५ टक्के विश्वासाने ठरवतात, आणि पुढची तपासणी किती उड्डाणांनी करायची हे त्यावर ठरते. त्यासाठी भेगा असलेले शेकडो नमुने तयार करणे खर्चाचे असते. काही भार आता मॉडेल उचलते. पण मॉडेलने भिंती टेकलेल्या धरल्या की उघड्या, यावर तो आकार बदलतो, आणि त्याबरोबर शेकडो प्रवाशांची सुरक्षितताही. वगळल्याशिवाय गणित होत नाही, हे खरेच. म्हणून जे वगळले त्याची नोंद उत्तराइतक्याच ठळक अक्षरांत अहवालात हवी, आणि प्रोब हातात धरणाऱ्या माणसाला ती वाचता यायला हवी.