कुंपण न मानणारे शिकारी

सोलापूर जिल्ह्यातल्या नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होते. गावे, ऊस, रस्ते, सारे त्यात आले. लोकांच्या अडचणी वाढत गेल्या आणि पुढे हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. नकाशावरची रेघ अशी हलत असताना माळावरचा लांडगा मात्र तिच्या आतबाहेर पूर्वीसारखाच फिरत राहिला. त्याच्या एका कळपाला शंभराहून अधिक चौरस किलोमीटरचा मुलूख लागतो. त्यात काळविटांचे गवत येते, तसे मेंढरांचे वाडेही येतात. मोकळ्या मुलखातल्या शिकाऱ्याला रेघ आखून राखता येत नाही, हे सोलापूर जिल्ह्याने जवळून पाहिले आहे. हाच प्रश्न अरबी समुद्रात कितीतरी मोठ्या आकाराने उभा आहे. तिथला लांडगा म्हणजे तलवारमासा.

तलवारमासा आपल्या कुळातला एकुलता एक आहे. झिफिडी या कुळात आज दुसरी जातच उरलेली नाही. पूर्ण वाढलेल्या माशाच्या तोंडात दात नसतात आणि अंगावर खवलेही नसतात. लांब, चपट्या चोचीचे आडवे फटकारे मारून तो भक्ष्य जायबंदी करतो आणि गिळतो. दिवसा तो पाचसहाशे मीटर किंवा त्याहून खोल अंधारात असतो, रात्री पृष्ठभागाजवळ येतो. कारण त्याचे खाद्य तसे हलते. माकूळ, छोटे मासे आणि कोळंबीसारखे जीव दिवसा खोलवर लपतात आणि रात्री चरायला वर येतात. पृथ्वीवरचे प्राण्यांचे सर्वांत मोठे स्थलांतर हेच, आणि ते रोज घडते.

खोल पाण्यातली थंडी मेंदू आणि डोळे मंद करते. त्यावर तलवारमाशाकडे विलक्षण उपाय आहे. त्याच्या डोळ्याच्या एका स्नायूचे रूपांतर उष्णता निर्माण करणाऱ्या अवयवात झाले आहे. बाकीचे शरीर पाण्याइतके थंड असले तरी मेंदू आणि डोळे त्याहून दहा ते पंधरा अंशांनी गरम राहतात. गरम डोळा थंड डोळ्यापेक्षा दहापटीहून अधिक जलद हालचाल टिपू शकतो, असे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. अंधारात पळणाऱ्या माकुळाचा माग त्याला त्यामुळेच लागतो. कूपा म्हणजे ट्यूना याने वेगळी वाट काढली. पोहताना स्नायूंत तयार होणारी उष्णता तो रक्तवाहिन्यांच्या जाळ्यात अडवून ठेवतो. दोघांनाही या उष्णतेची किंमत अन्नाने मोजावी लागते, म्हणून अन्नामागे दूरवर फिरणे त्यांना भाग आहे.

हे अन्न तयार करण्यात मान्सूनचा मोठा वाटा आहे. जून ते सप्टेंबरमध्ये नैर्ऋत्येचे वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यांजवळचे पृष्ठजल दूर लोटतात. खालचे थंड, खतावलेले पाणी वर येते, सूक्ष्म वनस्पती माजतात आणि पुढची सारी साखळी त्यावर पोसली जाते. तेच वारे पुढे सह्याद्रीवर पाऊस ओततात आणि पर्जन्यछायेतल्या सोलापूरला उरलेसुरले देतात. पण या सुकाळाला दुसरी बाजू आहे. मेलेले जीव खाली बुडून कुजतात आणि ऑक्सिजन संपवतात. अरबी समुद्रात सुमारे दीडशे ते हजार मीटर खोलीपर्यंत जगातल्या सर्वांत जाड, जवळजवळ ऑक्सिजनहीन थरांपैकी एक पसरला आहे. अटलांटिकच्या उष्ण पट्ट्यात असा थर वर आला की मार्लिन आणि सेलफिश हे शिकारी मासे उथळ पाण्यात कोंडले जातात आणि गळाला सहज लागतात, असे आढळले आहे. पाणी तापले की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. म्हणून तापणाऱ्या अरबी समुद्राची काळजी वाटायला हवी.

सोलापूरकरांचा या समुद्राशी पावसापलीकडेही संबंध आहे. कोळसा जाळल्यावर पारा हवेत जातो, समुद्रात उतरतो आणि एका जिवाकडून दुसऱ्याकडे जाताना साठत जातो. साखळीच्या टोकाशी असल्यामुळे तलवारमाशात तो फार आढळतो. गर्भवतींनी हा मासा टाळावा असा सल्ला त्यामुळेच दिला जातो. सोलापूरजवळही १,३२० मेगावॉटचे कोळशावरचे वीजकेंद्र आहे. समुद्रापासून दूर राहणारी माणसे समुद्राच्या जबाबदारीतून सुटत नाहीत.

मग राखण करायची कशी? मुंबईसमोरचा भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, सुमारे तीनशे किलोमीटर रुंद आहे, म्हणून खोल पाण्यातला हा मासा आपल्या लहान होड्यांच्या जाळ्यात क्वचितच येतो. त्याला पकडतात ती लाँगलाइन, म्हणजे मैलोन् मैल लांब दोरीला लावलेले शेकडो, हजारो गळ. त्यांत कासवे आणि मुशीही अडकतात. दोनशे सागरी मैलांची आर्थिक हद्द हा मासा सहज ओलांडतो. त्यामुळे एकट्या देशाचा नियम पुरत नाही. भारत सदस्य असलेल्या हिंदी महासागर ट्यूना आयोगासारख्या सामाईक व्यवस्थाच इथे उपयोगी पडतात.

अशी व्यवस्था चालते, याचा पुरावा उत्तर अटलांटिकने दिला आहे. अतिमासेमारीने तिथला तलवारमासा खालावला, तेव्हा १९९८ मध्ये अमेरिकेतल्या नामवंत आचाऱ्यांनी तो शिजवायचे थांबवले. १९९९ मध्ये तिथल्या आंतरराष्ट्रीय मासेमारी आयोगाने पकडीला मर्यादा घालणारा दहा वर्षांचा आराखडा स्वीकारला. अमेरिकेने पिल्ले वाढतात ते काही भाग लाँगलाइनला बंद केले. २००९ पर्यंत साठा सावरला. समुद्राला कुंपण कुणीच घातले नव्हते. आवर घातला तो माणसाच्या हाताला.

यावर आक्षेप येईल की उपाशी माणसाला संयमाचे धडे देऊ नयेत. आक्षेप रास्त आहे. मेंढरू गेलेल्या धनगराला भरपाई वेळेवर मिळाली नाही, तर लांडग्यावर राग धरू नकोस असे त्याला सांगण्याचा अधिकार कुणाला नाही. खोल समुद्रात उतरू पाहणाऱ्या कोळ्यालाही तेच लागू आहे. पण मासा संपला की आधी त्याचीच होडी किनाऱ्याला लागते. मोठ्या कंपनीचे जहाज दुसऱ्या समुद्रात निघून जाते. म्हणून पकडीची खरी नोंद, जहाजांवर निरीक्षक आणि लहान मच्छीमाराला हक्काचा वाटा या तीन गोष्टी खोल समुद्रातली मासेमारी वाढवण्याच्या आधी ठरायला हव्यात. माळरानावर तोच न्याय भरपाई आणि चराऊ कुरणांना लागू करावा. ज्याच्या पोटाला या मोकळ्या मुलखाचा आधार आहे, त्यालाच राखणीत पहिला मान मिळाला तर ही राखण टिकेल.