रंग थंडीचा, श्रेय संत्र्याला

दसऱ्याच्या आगेमागे नागपूरच्या कळमना बाजारात आंबिया बहराची संत्री दिसू लागतात. अंगावर हिरवट झाक, देठाजवळ तर चांगला गडद हिरवा रंग. गिऱ्हाईक फळ उचलतं, फिरवून बघतं आणि ‘कच्चं दिसतंय’ म्हणत परत ठेवतं. ते आंबट असेल किंवा नसेलही. निकाल मात्र सालीवरच लागलेला असतो.

खरं तर केशरी रंग ही पिकण्याची खूण कमी आणि थंडीची जास्त. सालीतली पिवळी-केशरी द्रव्यं हरितद्रव्याखाली झाकलेली असतात. रात्रीचं तापमान साधारण 13 अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ लागलं की हरितद्रव्य विरतं आणि केशरी रंग वर येतो. रात्री उबदारच राहिल्या, तर आतली फोड गोड होते, पण साल हिरवी ती हिरवीच. वरुड, मोर्शी, काटोलकडचा मृग बहर हिवाळा अंगावर घेऊन फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणीला येतो, म्हणून रंगानं खुलतो. आंबियाच्या आगाप मालाच्या नशिबी ती थंडी नसते. याहून गंमत व्हॅलेन्सिया या जातीची. तिची केशरी झालेली फळं झाडावरच राहिली, तर ऊब वाढताच पुन्हा हिरवी पडू लागतात. आतली गोडी शाबूतच.

व्हिएतनाममध्ये हा घोळ नाही. तिथलं ‘काम सान्ह’ हे संत्र्याचं भाऊबंद जाड, खडबडीत, हिरव्या सालीचं असतं. कापलं की आत गर्द केशरी. हिरवं आहे म्हणून ते कुणी परत ठेवत नाही, पेलाभर रस काढून पितात. पण हीच माणसं तेत, म्हणजे चांद्र नववर्ष आलं, की हनोईत घरोघरी कमक्वाट या छोट्या संत्रावर्गीय फळाचं कुंडीतलं झाड आणतात आणि तिथे मात्र रंगाबाबत कमालीची चोखंदळ होतात. झाडावर सोनेरी-केशरी फळं लगडलेली हवीत. शिवाय काही हिरवी फळं, फुलं आणि कोवळी पालवीही हवी, कारण त्यात एकाच घरात नांदणाऱ्या पिढ्या पाहिल्या जातात. खायचं संत्रं हिरवं चालतं, शुभशकुनाचं झाड नुसतं हिरवं चालत नाही. ही वाटणी मोठी शहाणपणाची आहे.

सिंगापूर-मलेशियातल्या चिनी कुटुंबांत नववर्षाला पाहुणा संत्र्यांची जोडी घेऊन येतो आणि यजमान दुसरी जोडी देऊन त्याला निरोप देतो. केशरी रंग म्हणजे सोनं, सोनं म्हणजे बरकत. प्रतीक म्हणून याला कोण नाव ठेवेल? नागपूरनंही स्वतःला संत्रानगरी म्हणवून घेतलं, मेट्रोच्या एका मार्गाला ‘ऑरेंज लाइन’ नाव दिलं. नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

अडचण होते ती प्रतीकाची फूटपट्टी बाजारात वापरली की. आंबा, केळं तोडल्यावरही पिकतं. संत्र्याचं तसं नाही. झाडावरून उतरवलं की गोडी वाढायची थांबते. तरीही हिरवी फळं बंद खोलीत ठेवून, अगदी थोडा इथिलीन वायू सोडून, काही दिवसांत केशरी करता येतात. त्यात बदलते ती फक्त साल. अमेरिकेनं तर 1959 पासून ठरावीक मर्यादेत संत्र्याच्या सालीला ‘सिट्रस रेड 2’ हा कृत्रिम रंग लावायला परवानगी दिली होती. उबदार फ्लोरिडातल्या बागायतदारांची ती गरज होती. रात्री गार होणाऱ्या कॅलिफोर्नियाला तिची निकड नव्हती. म्हणजे हवामानाचा फरक पुसायला रंगाचा हात.

यात भरडला जातो तो बागायतदार. झाडाला ताण देणं, फळगळ सोसणं हे सगळं करूनही, ऑक्टोबरच्या रात्री गार झाल्या नाहीत एवढ्यासाठी त्याच्या मालाचा भाव पाडून मागितला जातो. अर्थात, प्रत्येक हिरवं संत्रं गोडच असतं असंही नाही. हंगामाआधीचा चढा भाव गाठायला कोवळा माल तोडणारेही असतात, आणि रंग दोघांमधला फरक सांगत नाही.

तेव्हा यंदा ऑक्टोबरात हिरवट संत्री दिसली, तर रंग बघून पुढे जाऊ नका. आकाराच्या मानानं जड लागणारं फळ निवडा, विक्रेत्याकडून एक फोड मागून चाखा आणि मगच भाव करा.