जडभरत आणि आमचा बुक्क्या

मागच्या आषाढीला मी सासवडहून माघारी फिरलो. कोरोनाची २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे सोडली, तर चाळीस वर्षांत पायी वारीतून माझे पाऊल कशानेही मागे आले नव्हते. ताप अंगावर काढला, एकदा तर पायाला जखम असताना दिवे घाट चढलो. आणि फिरलो तो एका कुत्र्यासाठी. निघताना तळावर एक ज्येष्ठ महाराज, ज्यांचा शब्द मी आजवर खाली पडू दिला नाही, हळूच म्हणाले, "बुवा, जडभरत होऊ नका." ते एवढेच बोलले. पण वर्ष झाले, ते वाक्य माझ्या उशाशी आहे. या वयात कीर्तनाला दम पुरत नाही, म्हणून लिहून आपल्यापुढे ठेवतो.

आधी कुत्र्याची हकीकत सांगतो. त्याच्या आदल्या वर्षी भंडीशेगावच्या तळावर आमच्या दिंडीच्या ट्रकखाली एक पिल्लू सापडले. वीतभर अंग, पांढरे कपाळ आणि त्यावर मधोमध काळा ठिपका. बुक्का लावल्यासारखा! दिंडीतल्या आयाबायांनी लगेच नाव ठेवले, बुक्क्या. परतीच्या ट्रकमधून तो आमच्या खेड तालुक्यातल्या घरी आला. लस टोचायला हवी होती, ती टोचली नाही. गावच्या कुत्र्यांना कोण लस टोचतो, असे मीच म्हणालो होतो. हा दोष माझा आहे आणि तो कुणावर ढकलता येत नाही.

कार्तिकीनंतर त्याला ताप आला. डोळ्यांना चिपडे, नाकातून शेंबूड, मग हगवण. पशुवैद्य डॉक्टरांनी पाहून सांगितले, डिस्टेंपर. गोवराच्या जंतूच्या कुळातलाच हा जंतू. तो मारणारे औषध नाही, शरीराला आधार द्यायचा आणि वाट पाहायची. बुक्क्या वाचला. आम्ही पेढे वाटायचे तेवढे राहिले. पण हा रोग फसवा असतो. बाहेरून बरा झालेला दिसतो आणि काही आठवड्यांनी मेंदूत डोके वर काढतो. एका सकाळी अंगणात बुक्क्या आडवा पडला, चारही पाय ताठ, जबडा चघळल्यासारखा हलतोय, तोंडाला फेस. शेजारचे धावत आले ते काठ्या घेऊनच. "पिसाळलंय बुवा, मारून टाका."

डॉक्टर आले म्हणून तो जगला. त्यांनी त्याला वेगळे बांधून दहा दिवस पाहायला सांगितले, आणि आमच्या हाताला लाळ लागली होती म्हणून आम्हा नवरा-बायकोला सरकारी दवाखान्यात इंजेक्शने घ्यायला पाठवले. पिसाळलेले जनावर लक्षणे दिसल्यावर सहसा दहा दिवस काढत नाही. बुक्क्याने काढले. काठ्या परत गेल्या.

तेव्हापासून आमच्या घराचे घड्याळ त्याच्यावर चालते. सकाळी आठ आणि रात्री आठ, बारा तासांनी एकेक गोळी. फिनोबार्बिटोन हे नाव, वेदान्तातली परिभाषा पाठ केलेल्या माझ्या जिभेला आठ दिवस वळत नव्हते. ती एकाएकी बंद करायची नाही, केली तर आकडी दुप्पट जोराने येते. सुरुवातीला तो झिंगल्यासारखा चालायचा, पाणी फार प्यायचा, सारखा भुकेला असायचा. ठरावीक दिवसांनी रक्त तपासायचे. आकडी आली की तोंडात हात घालायचा नाही, चप्पल किंवा कांदा हुंगवायचा नाही (गावात सगळे तेच सांगतात), आजूबाजूचे सामान बाजूला करायचे, दिवा मंद करायचा आणि घड्याळ पाहायचे. पाच मिनिटांच्या वर गेली तर डॉक्टर. आकडी उतरली की तो घरभर भिंतींना धडकत फिरतो, ओळखत नाही कुणाला. मग अर्ध्या तासाने येऊन पायाशी बसतो.

आणि त्याचा मागचा डावा पाय. तो झोपेतही ठेक्यात उडतो, थांबतच नाही. घरी भजनाला आलेली पोरे म्हणाली, "बुवा, बुक्क्या पावली खेळतो!" सगळे हसले. मीही हसलो. रात्री सगळे गेल्यावर अंधारात तो पाय पोत्यावर आपटल्याचा आवाज ऐकत पडलो, तेव्हा त्या हसण्याची लाज वाटली.

मागच्या वारीला मंडळी म्हणाल्या, "तुम्ही जा, मी गोळ्या देते." त्यांनी वेळ चुकवली नाही. सासवडच्या मुक्कामी संध्याकाळी फोन आला, सकाळपासून चार वेळा आकडी आली. मी स्वारगेट, तिथून राजगुरुनगर, पुढे जीप, असा मध्यरात्री घरी पोचलो. डॉक्टर इंजेक्शन देऊन गेले होते. सकाळी त्याचे पोते झटकायला उचलले, तर खाली पाच गोळ्या. पठ्ठ्या भाकरी गिळून गोळी तेवढी बाहेर काढत होता. मंडळी पदर तोंडाला लावून रडल्या.

आता महाराजांच्या वाक्याकडे येतो.

भागवताच्या पाचव्या स्कंधातली कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. भरतराजाने राज्य सोडले, गंडकीच्या काठी पुलहाश्रमात तप मांडले. सिंहाच्या गर्जनेने भ्यालेल्या हरिणीचा गर्भ पाण्यात पडला, ती मेली, राजाने पाडस उचलले. मग त्याचा लळा लागला, नेम सुटले, पूजा सुटली, आणि मरताना पाडस आठवले म्हणून हरिणाचा जन्म आला. ही कथा मी निदान शंभर वेळा सांगितली असेल. मोह कसा राजर्षीलाही खाली ओढतो, हे सांगून टाळकऱ्यांकडे पाहायचे आणि चाल धरायची. पुढचा भाग वेळ उरला तर.

त्या रात्रीच्या जीपमध्ये मला तो पुढचा भाग आठवला. तिसऱ्या जन्मी भरत ब्राह्मणाच्या घरी जन्मला, जगाला वेडा वाटावा असा राहू लागला. रहूगण राजाच्या माणसांनी त्याला पकडून पालखीला लावले. पालखीला हिसके बसू लागले. का? तर हा भोई पुढची जमीन पाहत पाहत चालत होता, पायाखाली मुंगी सापडू नये म्हणून. राजा चिडला, आणि तिथून रहूगणाला ब्रह्मज्ञान मिळण्याचा प्रसंग घडला.

माउली, विचार करा. दोन जन्म ज्याने पाडसापायी शिक्षा भोगली, त्याला दयेचा धडा मिळाला असता तर तो मुंगीकडे कशाला पाहता? त्याची ममता गेली, दया राहिली. पाडसाच्या वेळी त्याला "माझे" हा शब्द नडला. ते दिसले नाही तर मला कसे होईल, ही त्याची घालमेल होती. मुंगी त्याची कुणी नव्हती. मी चाळीस वर्षे या कथेने लोकांना अर्धेच घाबरवले, असे मला आता वाटते. महाराजांचा उपदेश खोटा नाही. तो मला लागू पडतो की नाही, हे मात्र मलाच माझ्या आत पाहून ठरवावे लागेल. बुक्क्या माझा म्हणून मी फिरलो की तो तळमळतो म्हणून? खरे सांगतो, त्या जीपमध्ये दोन्ही होते, आणि कोणते किती ते मला निवडता आले नाही.

श्रीनामदेवरायांची भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्याची कथाही मी पुष्कळ रंगवली. तुपाची वाटी घेऊन ते मागे धावतात, देव प्रकट होतो, गजर होतो. पण बुक्क्याच्या बाबतीत देव प्रकट होत नाही, दुसऱ्या दिवशी परत सकाळचे आठ वाजतात. रोज तेच तूप घेऊन धावण्याची कथा कुणी सांगत नाही, सांगण्यासारखे तीत काही नसते.

घरातही पेच आहेत. डॉक्टर म्हणाले, त्याच्या अंगात ताकद नाही, अंडे द्या. आम्ही माळकरी. शेजारचा मुलगा त्याच्या घरून शिजवून आणतो, अंगणात घालतो, आणि मी त्या वेळी तुळशीकडे तोंड करून बसतो. याला ढोंग म्हणायचे तर म्हणा.

पण मोठा पेच दुसराच. मागच्या आषाढात त्या चार आकड्यांनंतर डॉक्टरांनी फार सांभाळून विषय काढला. झोपेचे इंजेक्शन देता येते, त्याला कळणारही नाही. गावात दोन उत्तरे तयार होती. एक, सोडवा त्याला. दुसरे, त्याचे प्रारब्ध, भोगून संपवू द्या. हे दुसरे उत्तर मी व्यासपीठावरून दिलेले आहे, म्हणून त्याच्याविषयी बोलायचा मला अधिकार आहे. प्रारब्ध हा शब्द स्वतःच्या दुखण्याला लावला तर धीर येतो. दुसऱ्याच्या दुखण्याला लावला की आपले हात रिकामे राहतात, आणि त्या रिकाम्या हातांना आपण वैराग्य समजतो. बुक्क्याला प्रारब्धावर चिंतन करता येत नाही. त्याला फक्त दुखते.

आणि सोडवा म्हणणारे? त्यांच्यात मीही एक होतो. रात्री दोनला उठून लादी पुसताना मनात आले होते, आता पुरे. पण त्यात पुरे कुणाचे होते? माझे. त्याने तर सकाळी भाकरी खाल्ली, शेपूट हलवले.

मी डॉक्टरांना विचारले, कळायचे कसे? ते म्हणाले, खातो का, ओळखतो का, चांगले दिवस जास्त की वाईट, लिहून ठेवा. तेव्हापासून माझ्या कीर्तनाच्या जुन्या वहीत मागच्या पानांवर रोजची खूण आहे. चांगल्या दिवसाला टिंब, वाईटाला फुली. गेल्या महिन्यात फुल्या सहा. फुल्या टिंबांच्या पुढे गेल्या, त्याने अन्न सोडले, गोळीचाही उपयोग उरला नाही, तर मी डॉक्टरांना नाही म्हणणार नाही, असे ठरवले आहे. गळ्यात माळ असलेल्या माणसाने हे लिहावे का? लिहिताना दोनदा लेखणी खाली ठेवली. मला शास्त्राधार मागू नका, माझ्याजवळ नाही. चुकत असेन तर तो भोग मी घेईन. तो त्या मुक्या जीवावर लादून मी स्वच्छ राहिलो, तर पांडुरंगापुढे उभे राहायला मला जास्त अवघड जाईल.

यंदाच्या प्रस्थानाला दिवस थोडे उरलेत. दिंडीचालकांनी नाव विचारले आहे, मी अजून कळवलेले नाही. मंडळी म्हणतात, आता मला युक्ती कळली, गोळी गुळात दाबून घशाशी ठेवायची आणि गिळेपर्यंत गळा चोळायचा. खरे आहे, त्यांना माझ्यापेक्षा चांगले जमते.

आठ वाजत आले. बुक्क्या उंबऱ्याशी बसून माझ्या हाताकडे पाहतो आहे, पाय त्याच्या ठेक्यात उडतो आहे. गोळी देतो, आणि मग पोते उचलून खाली एकदा पाहून येतो.